आजी वाचायची कशी

८ जून

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू "हं, हं" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतेस हे मला इतक्या वर्षांत कळलंय. मला तुझ्याकडून जे हवंय ते "हं, हं" मध्ये मावणारं नाही.

आजीला जाऊन चार महिने झाले. आपल्या वाचनालयाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत, म्हणून ते एक पुस्तिका काढतायत. जुन्या सभासदांवर एकेक लेख. आजीवर मी लिहायचं ठरलंय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, सगळ्यात जास्त पुस्तकं नेणाऱ्यांत तुमची आजी पहिली. मला चार पानं दिलीत. पंचवीस वर्षं वर्गातल्या मुलांना "माझी आजी" लिहायला लावलं, आता ते माझ्यावर उलटलंय.

त्र्याण्णव वर्षांचं आयुष्य आणि चार पानं. कागद घेऊन बसलो तर एवढंच हाताशी आलं: आजोबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचं एकेक अक्षर, ज्याला ते लोक खिळा म्हणतात, लाकडी खणांतून उचलायचं आणि हातातल्या पट्टीत ओळ लावायची, हे त्यांचं काम. ते गेले तेव्हा आजी सव्वीस वर्षांची. माझे वडील सहा वर्षांचे, तुझी आई चार. मालकानं तिला विचारलं, वाचता येतं का? आजी म्हणाली, येतं. आणि ती आजोबांच्या जागेवर उभी राहिली ती चव्वेचाळीस वर्षं. या गावातली लग्नं, बारशी, मृत्यूच्या सूचना, शाळेचे पेपर, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. मी नापास झालो त्या गणिताचा पेपरसुद्धा. तो तिनंच जुळवला होता आणि आदल्या दिवशी मला एक आकडा सांगितला नाही.

आणि तिचा आरसा. आठवतो ना? टेबलावर पुस्तक ठेवायची, त्याच्या वरच्या कडेला छोटा आरसा उभा करायची आणि पुस्तकाकडे न बघता आरशात बघत बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलंय. तो डॉक्टर कोण, हे घरात कोणी विचारलं नाही. मलाही आत्ता लिहिताना पहिल्यांदा प्रश्न पडला.

तू शेवटची कित्येक वर्षं लांब होतीस, पण तिच्या मांडीवर जास्त तूच होतीस. तुला जे आठवतंय ते लिही. मोठं काही नको. साधंच हवंय.

आत्याला नमस्कार सांग. तिच्या कानाचं यंत्र नीट चालतंय का?

तुझा
दादा


१९ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र टेबलावर ठेवून कामाला गेले आणि दिवसभर तेच डोक्यात. आमच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर अठरा जणी पडद्याकडे बघत पानं लावतो. शेजारची म्हणाली, आज तू तीनदा तोच मजकूर पुसलास. तेव्हा दोष तुझा.

आरसा आठवत नाही असं कसं होईल? मला वाटायचं तो आपल्यावर नजर ठेवायला आहे. पाठीमागच्या फळीवर बिस्किटांचा डबा होता. मी डब्याला हात लावला की आजी मागे न वळता म्हणायची, "दोनच." माझी खात्री होती की ती पुस्तक वाचतच नाही, फक्त डबा बघते. तू म्हणायचास, आजी नटवी आहे.

तिची बोटं करडी असायची. शिशाचा रंग नखांच्या कडेत कायमचा बसला होता. घरी आली की आधी हात धुणार, मग आपल्याला शिवणार. उन्हातून आलेलं मांजरसुद्धा पायात घुटमळलं तरी त्याला हात धुवेपर्यंत थांबावं लागायचं. हे लिही.

आता दुसरं. हे पुस्तिकेसाठी नाही.

तुला माहीत आहे, मी तेवीस वर्षांची असताना शहरात कॉम्प्युटरवर अक्षरं लावायचं शिकून आले होते. सुटीत छापखान्यात गेले. मालकानं नुकतंच एक यंत्र आणून ठेवलं होतं, चालवता कोणालाच येत नव्हतं. मी बसले. आजी सकाळपासून जुळवत होती तो मजकूर मी अर्ध्या तासात लावून दाखवला. सगळे भोवती जमले होते. आणि मी म्हणाले, "आजीचा अख्खा दिवस म्हणजे माझी दोन बोटं." लोक हसले. मीही हसले.  आजीनं हातातली ओळ पुरी केली, हात धुवायला गेली. सहा महिन्यांत मालकानं खिळ्यांचं काम बंद केलं.

पुढच्या वर्षी इथून मी तिला पत्र लिहिलं. पाच पानं, हातानं. टाइप करून पाठवणं म्हणजे पुन्हा दोन बोटं दाखवल्यासारखं झालं असतं. माफी मागितली होती. पाकिटावर लिहिलं होतं, फक्त आजीसाठी, कोणाकडूनही वाचून घेऊ नकोस. उत्तर आलं नाही. त्यानंतर मी किती वेळा घरी आले, तिच्याशेजारी झोपले, पण ती त्यावर बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आईलाही या पत्राचं मी कधी सांगितलं नाही. बावीस वर्षं, दादा.

तिनं ते वाचलं होतं का? वाचून गप्प बसली असेल तर तेही मला कळू दे. तिची ट्रंक तुझ्याकडे आहे. एवढं बघ. मग तुझ्या पुस्तिकेसाठी पाहिजे ते लिहून देते.

आईचं यंत्र चालतं. ती चालवत नाही.

तुझी
बारकी


२ जुलै

प्रिय बारके,

तुझं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेला बसलो पण मन लागेना. त्या छापखान्यात हसणाऱ्यांत मीही होतो, हे तू लिहिलं नाहीस. विसरलीस की सोडून दिलंस, कोण जाणे. मी विसरलेलो नाही.

रविवारी ट्रंक उघडली. आजीची सगळी पत्रं एका कापडी पिशवीत होती. तुझं त्यात नव्हतं. ते तळाशी, तिच्या लग्नातल्या कपड्यांच्या घडीत वेगळं ठेवलेलं सापडलं. पाकीट कात्रीनं सरळ कापलेलं. तू पाकिटावर लिहिलेलं वाचलं, म्हणून आतलं वाचलं नाही, विश्वास ठेव. फक्त पानं मोजली. पाच आहेत. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला करडे अंगठे उमटलेत, वरपासून खालपर्यंत, जिना उतरल्यासारखे.

म्हणजे तिनं वाचलं. एकदा नव्हे, अनेकदा वाचलं असणार, त्याशिवाय इतके ठसे कसे पडतील? आणि कपड्यांच्या घडीत ठेवलं म्हणजे जपलं. रागावलेला माणूस असं ठेवत नाही. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आता बिस्किटांच्या डब्यापुढचं लिही.

तुझा
दादा


११ जुलै

प्रिय दादा,

तू मास्तर आहेस, म्हणून तुला वाटतं उघडलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक. तुझ्या वर्गातल्या मुलांना विचार.

ठशांचं वाचून मी आधी रडले आणि मग मला एक गोष्ट खटकली. पत्र गेलं तेव्हा छापखान्यातलं तिचं काम बंद होऊन सहा महिने झाले होते. मग बोटं करडी कशी?

आणि आणखी एक. डोळे मिटून आठव. आजीला हातानं लिहिलेलं पत्र स्वतः वाचताना आपण कधी पाहिलंय? मी नाही पाहिलं. मावसआजीची पत्रं तुझे वडील वाचून दाखवायचे. माझी हॉस्टेलवरची पत्रं आई वाचायची. आजी म्हणायची, "वाच गं, माझा चष्मा सापडत नाही." आणि चष्मा कपाळावर. आपण हसायचो आणि वाचून दाखवायचो. पुस्तकाला मात्र तिला कधी कोणी लागलं नाही, आरसा तेवढा लागायचा.

हे काय होतं? मला हे आता माझ्या पत्रापेक्षाही जास्त कळून घ्यायचंय. शाईकाका अजून आहेत ना? मशीन चालवताना कानाच्या पाळीपर्यंत शाई लावून घ्यायचे म्हणून आपण त्यांना ते नाव ठेवलं होतं. तिच्याबरोबर तीस वर्षं काम केलेला तो एकच माणूस उरलाय. त्यांना जाऊन विचार. बिस्किटं न्यायला विसरू नकोस, दोनच नको.

तुझी
बारकी


२८ जुलै

प्रिय बारके,

शाईकाकांकडे जाऊन आलो. जुन्या मशीनखोलीतच राहतात, मालकाच्या मुलानं राहू दिलंय. ऐंशी ओलांडली तरी कानाची पाळी अजून निळी आहे. मला वाटतं ती आता धुवून जाणारी नाही.

मी सरळ विचारलं, आजीला वाचता येत होतं का? त्यांनी चहा पुरा संपवला. मग म्हणाले, "तू तिचा नातू. आता ती नाही. सांगतो." त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

मालकाला "येतं" म्हणाली तेव्हा आजीला एक अक्षर वाचता येत नव्हतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. घरात दोन मुलं आणि चूल विझलेली, दुसरं काय म्हणणार? पहिले काही महिने तिला वापरलेले खिळे पुसून परत खणात टाकायचं काम होतं. कोणता आकार कोणत्या खणात, हे तिच्या हाताला पाठ झालं. मग ओळी लावायला लागली. कागदावर जसं दिसतंय तसा खिळा शोधायचा आणि लावायचा, अर्थ माहीत नाही. बाकीचे जुळारी काम करता करता ओळी मोठ्यानं म्हणायचे, ती कान देऊन ऐकायची. असं दोन-तीन वर्षांत आकाराला आवाज जोडला गेला आणि आवाजाला अर्थ. ती वाचायला शिकली, पण खिळ्यांवर शिकली.

आता खिळ्यांचं असं असतं की जुळारी ओळ उलटी धरून लावतो. डावीकडून उजवीकडेच जाते, पण प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं असतं, तळ्यात झाडाचं प्रतिबिंब पडावं तसं. आजीची अक्षरओळख ती. छापलेलं पान समोर धरलं की तिला सगळं पालथं दिसायचं. म्हणून आरसा. पानाच्या वरच्या कडेला आरसा उभा केला की त्यात ओळी पुन्हा खिळ्यांसारख्या दिसतात. मी घरी येऊन करून बघितलं, खरंच दिसतात. डोळ्यांचा डॉक्टर वगैरे कोणी नव्हता.

मी म्हटलं, काका, चव्वेचाळीस वर्षांत तिला सरळ वाचायला शिकता आलं नसतं का? ते म्हणाले, "आलं असतं की. पण शिकायचं म्हणजे आधी येत नाही हे कुणाला तरी सांगायचं. मालकाला खोटं बोलून घेतलेली जागा होती ती. तिनं ते आपणहून कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं कारण मी एकदा गंमत म्हणून तिचा आरसा लपवला. त्या दिवशी तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत दिला. पुढे थोडं थोडं करून तिनंच सगळं सांगितलं, आणि मी तीस वर्षं तोंड उघडलं नाही."

हातानं लिहिलेलं? मी विचारलं. काकांनी मान हलवली. आरशातलं हस्ताक्षर तिला वळवळणाऱ्या किड्यांसारखं दिसायचं म्हणे.

बारके, मला हे लिहायला जड जातंय, पण तुला जे हवंय ते खरं हवंय. तुझं पत्र तिला वाचता आलं नाही. तू लिहिलं होतंस कोणाकडून वाचून घेऊ नकोस, आणि पाकिटावरचं तेवढं तुझ्या आईनं किंवा पोस्टमननं तिला सांगितलं असणार. ती तुझ्या शब्दाला जागली. उघडून बघत राहिली, पुन्हा पुन्हा हातात घेतलं, आणि कुणालाच दाखवलं नाही. ठसे त्याचे असावेत.

तिनं तुझ्यावर राग धरला नव्हता. तिला तू काय लिहिलंस तेच माहीत नव्हतं. एवढं तरी मनावरून उतरव.

तुझा
दादा


५ ऑगस्ट

दादा,

उतरत नाही.

बावीस वर्षं मी तिच्या गप्प बसण्याचे अर्थ लावत होते. कधी वाटायचं तिनं माफ केलंय, कधी वाटायचं मरेपर्यंत करणार नाही. आता तू म्हणतोस, अर्थच नव्हता. पाच पानं लिहिली आणि ती किड्यांसारखी वळवळली. आणि मी काय लिहिलं होतं पाकिटावर? कोणाकडून वाचून घेऊ नकोस. म्हणजे दार मीच लावलं आणि किल्लीही मीच फेकली. छापखान्यात एकदा तिचा अपमान केला, तो न कळत. पत्रातून दुसऱ्यांदा केला, तोही न कळत. दुसरा जास्त लागला असेल.

पुस्तिकेत हे लिहू नकोस. तिनं जे आयुष्यभर झाकलं ते चार पानांत उघडं करू नकोस. वाचनवेडी होती असं लिही, खोटं नाही ते.

यावर मला आता काही लिहू नकोस. आईला काही सांगितलेलं नाही.

बारकी


२० सप्टेंबर

प्रिय बारके,

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून सहा आठवडे लिहिलं नाही. आता लिहितोय, कारण मी चुकलो होतो. रागवायचं असेल तर पत्र पुरं वाचून रागव.

झालं असं. परवा दुपारी मी लेखाचा कच्चा खर्डा तुझ्या वहिनीला वाचून दाखवत होतो. ती कपडे घड्या करत ऐकत होती. आजी हस्ताक्षर वाचू शकत नसे, एवढं मी तोंडी तिला सांगितलं. ती घडी थांबवून म्हणाली, "अहो, मग छापखान्यात मजकूर काय छापून यायचा का?"

मी खर्डा खाली ठेवला. ती म्हणाली, "लोक पत्रिकेचा मजकूर हातानंच लिहून द्यायचे ना? शाळेचे पेपर तुम्ही हातानंच लिहून देत होता ना? ते सगळं आजींनीच जुळवलं ना? मास्तर म्हणे." आणि पुढची घडी घातली.

बारके, चव्वेचाळीस वर्षं आजीनं दुसरं केलंच काय होतं? या गावातलं प्रत्येकाचं हस्ताक्षर, डॉक्टरसाहेबांचंसुद्धा, तिच्यासमोर टाचणीनं लावलेलं असायचं आणि ती खिळ्यांत उतरवायची. नुसतं बघून तिला ते वाचता येत नसेल. पण जुळवता येत होतं. आणि एकदा ओळ हातात जुळली की ती वाचता येत होती. अंगठ्यांचे ठसे जिना उतरल्यासारखे का होते ते माझ्या तेव्हा डोक्यात यायला हवं होतं. जुळारी कागदावर ओळीखाली अंगठा धरतो आणि ओळ संपली की खाली सरकवतो.

मी सदरा चढवला आणि शाईकाकांकडे गेलो. विचारलं, काम बंद झाल्यावर आजी कधी छापखान्यात आली होती का?

ते म्हणाले, "आली होती की. पाच दुपारी."

मी म्हटलं, काका, मागच्या वेळी का नाही सांगितलंत?

"तू विचारलंस वाचता येत होतं का. आली होती का, असं विचारलं नाहीस. आणि तिनं बजावलं होतं, कुणाला बोलू नको. तू नेमकं विचारलंस म्हणून सांगतोय, नाहीतर हेही माझ्याबरोबर गेलं असतं."

खिळ्यांचे खण तेव्हा अजून मोडीत गेले नव्हते, मागच्या गोदामात पडून होते. आजी जेवणाच्या सुट्टीत यायची, मालक घरी गेलेला असायचा तेव्हा. खिडकीपाशी खण मांडायची, कागद टाचणीनं लावायची. काकांनी विचारलं, हे कुणाचं काम? ती म्हणाली, "घरचं आहे." एक ओळ लावायची, बघायची, बराच वेळ बघायची, मग खिळे परत आपापल्या खणात टाकायची आणि पुढची ओळ घ्यायची. काका म्हणाले, "मी लांबच बसायचो. घरचं म्हणाली म्हणजे घरचं. कधी थांबायची, कधी हसायची. एकदा डोळ्याला पदर लावलान. शिशाची धूळ गेली म्हणाली. तीस वर्षांत तिच्या डोळ्यात धूळ गेलेली मी पाहिली नव्हती."

रोज एक पान. पाच दुपारी, पाच पानं.

पाचव्या दिवशी शेवटची ओळ तिनं लावली आणि मोडली नाही. दोऱ्यानं बांधली, काकांच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही मोडू नको, मी आलेच." आणि हात न धुता निघून गेली. ती परत आली नाही. पुढच्या वर्षी खिळे मोडीत गेले. काकांनी ती ओळ तेवढी ठेवली. कागद उडू नयेत म्हणून खिडकीत वजन म्हणून वापरतात. कुणाची ओळ आहे हे त्यांना माहीत नाही. ती त्यांनी मला दिली, मी तुला या पत्रासोबत पाठवतोय. जड आहे, पाकीट फाटू नये म्हणून कापडात शिवलंय. शिवण वहिनीची आहे, माझी समजून हसू नकोस.

ती ओळ मी वाचली, त्याबद्दल माफ कर. हातात आल्यावर न वाचणं जमलं नाही, आणि तसं ते माफीचं वाक्य नाहीच. तू लिहिलं होतंस:

"मी इथे अगदी वेळेवर जेवते, माझी काळजी करू नकोस."

पाच पानांतलं तिनं हे एकच वाक्य राखलं. माफी राखली नाही, छापखान्यातला प्रसंग राखला नाही. नात व्यवस्थित जेवते आहे, एवढंच तिला धरून ठेवावंसं वाटलं. म्हाताऱ्या माणसाचं समाधान असं लहान असतं आणि मला ते फार मोठं वाटलं. त्या दिवशी प्रार्थनेला बसलो तेव्हा मागायला काही सुचलं नाही.

पुस्तिकेत तू म्हणशील तेवढंच जाईल.

तुझा
दादा


४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

वहिनीच्या हाताला माझा नमस्कार. शिवण उसवायला मला अर्धा तास लागला.

ओळ टेबलावर ठेवलीय. मी रोज हजारो ओळी लावते, पण एक ओळ एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं. आजी दिवसाला किती उचलायची याचा हिशोब करायला गेले आणि सोडून दिला.

पण तू परत चुकलास, दादा. समाधानाचं म्हणतोस ना, ते तसं नाही. त्या पाच पानांत खोटं असं एकच वाक्य होतं, आणि ते नेमकं हे. मी तेव्हा जेवत नव्हते. त्या वर्षी मी एका खोलीत एकटी राहायचे, खाल्लं तर चहा-बिस्किट, नाहीतर तेही नाही. घास घशाखाली उतरायचा नाही. कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटी काहीतरी लिहायचं म्हणून ते वाक्य लिहिलं होतं.

आणि ओळ बघता बघता मला एकदम आठवलं, त्याच महिन्यात आई आली होती. न कळवता, हातात एक पिशवी घेऊन दारात उभी. म्हणाली, तुझ्या आजीशी भांडण झालंय, थोडे दिवस इथे राहते. दोन महिने राहिली. सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करायची, माझ्यासमोर बसायची आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. मला आईचा राग यायचा. वाटायचं, स्वतःच्या भांडणाचं ओझं माझ्या खोलीत आणून टाकलंय. त्या दोन महिन्यांनी मी उभी राहिले, हे मला नंतर कळलं. पण ते भांडणामुळे झालं असंच मी आजवर धरून चालले होते.

काल आईला यंत्र कानात घालायला लावलं आणि समोर बसवलं. सगळं सांगितलं. पत्राचं, पाकिटाचं, गोदामाचं. ती ऐकत होती आणि मध्ये एकदाही "काय?" म्हणाली नाही. मग विचारलं, तू त्या वेळी खरंच भांडून आली होतीस का?

आई म्हणाली, "आईशी भांडायची कुणाची छाती होती?"

मग तिनं सांगितलं. दुपारी ती भांडी घासत होती. आजी बाहेरून आली, हात तसेच काळे. आई म्हणाली, आधी हात धू. आजी म्हणाली, पिशवी भर, बारकीकडे जा, पोर जेवत नाहीये. आईनं विचारलं, तुला कुणी सांगितलं? आजी म्हणाली, तिनंच लिहिलंय. काय लिहिलंय? वेळेवर जेवते असं लिहिलंय.

आई म्हणाली, अगं मग जेवतेच आहे की.

त्यावर आजी म्हणाली म्हणे, "जेवणारं पोर असं लिहितं का? तू आजवर कधी कुणाला लिहिलंस, मी जेवते म्हणून?"

आणि बजावलं, मी पाठवलं म्हणू नको. पत्र फक्त मला लिहिलंय तिनं. तिला वाटेल म्हातारीनं घरभर केलं. भांडून आले म्हण.

आईनं तो शब्द बावीस वर्षं पाळला. सगळ्यांचीच तोंडं शिवलेली, दादा, आपल्या घरात. तुझ्या शाईकाकांसकट.

मी आईला शेवटचं विचारलं. पत्रात आणखी काय आहे, ते आजीनं तुला सांगितलं होतं का? आई म्हणाली, निघताना दारात मीही विचारलं होतं, एवढी पाच पानं भरून पोरीनं लिहिलंय काय? आजी तेव्हा हात धूत होती. मागे न बघता म्हणाली, "माफी मागितलीय कसलीतरी. ते बघू निवांत. तू आधी तिला पोटभर जेवायला घाल."

ते निवांत बघायचं मग राहूनच गेलं असेल. मी आले की ती माझ्या ताटाकडे बघायची, एवढं मात्र मला आता आठवतंय.

पुस्तिकेत सगळं लिही. खोटं बोलून जागा घेतली तेही लिही. आई म्हणते, लिहू दे, पण मालकाच्या मुलाला आधी वाचायला दे.

तुझी
बारकी